आईबाप होण्याआधी बोलून घ्यावे असे काही

बाळ येणार हे नक्की झाल्यावर दोघे जी तयारी करतात, तिच्यात बहुतेक वेळा बाळाचे कपडे, त्याची झोपायची जागा, रुग्णालयात न्यायची पिशवी आणि तपासण्यांच्या तारखा एवढेच असते. प्रसूती एकदोन दिवसांत पार पडते. त्यानंतरचे तीन महिने झोपेची, स्वभावाची आणि दोघांच्या नात्याची कसोटी पाहतात, पण त्या महिन्यांसाठी यादीत एक ओळही नसते. समाजशास्त्रज्ञ अॅलिस रॉसी यांनी १९६८ मध्येच या विसंगतीवर बोट ठेवले होते. इतर कामांत उमेदवारीचा काळ असतो, हाताखाली राहून शिकता येते. पालकाची जबाबदारी मात्र एका दिवसात पूर्णपणे अंगावर पडते आणि ती नको झाली म्हणून परत करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९५७ मध्ये ई. ई. लेमास्टर्स यांनी अमेरिकेतील ४६ मध्यमवर्गीय जोडप्यांना पहिल्या मुलानंतरचे अनुभव विचारले, तेव्हा ३८ जोडप्यांच्या उत्तरांतून मोठ्या किंवा तीव्र संकटाचे चित्र पुढे आले. त्यांतल्या बहुतेकांना मूल हवेच होते आणि बहुतेकांचे संसारही चांगले चाललेले होते. ‘संकट’ हा शब्द पुढच्या अभ्यासकांना फार कडक वाटला आणि ते ‘स्थित्यंतर’ म्हणू लागले. तरीही मूल हवे असणे आणि त्यासाठी तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अभ्यासाने दाखवलेले सत्य आजही मला फार महत्त्वाचे वाटते.

हे स्थित्यंतर शरीरातही घडते. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी ‘मॅट्रेसन्स’ असा शब्द योजला. मुलगी वयात येते, तशी बाई आई होत जाते, असा त्यामागचा विचार. एल्सेलीन हूक्झेमा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्यांदा आई झालेल्या २५ स्त्रियांच्या मेंदूची गरोदरपणाआधीची आणि प्रसूतीनंतरची एमआरआय चित्रे ताडून पाहिली होती. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखायला मदत करणाऱ्या भागांत करड्या द्रव्याचे, म्हणजे चेतापेशींनी भरलेल्या थराचे, आकारमान कमी झालेले दिसले, आणि हा बदल दोन वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकून होता. ‘कमी झाले’ हे शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण या स्त्रियांच्या स्मरणशक्तीत त्या अभ्यासात घट आढळली नाही. किशोरवयात मेंदू अनावश्यक जोडण्या छाटून अधिक नेमका होतो, तशीच ही छाटणी असावी असा संशोधकांचा अंदाज आहे.

येथवर वाचून, आईला सारे निसर्गतःच समजते हा नेहमीचा समज पक्का होण्याचा धोका आहे, म्हणून वडिलांवर झालेले संशोधनही लगेच पाहायला हवे. फिलिपिन्समधील ६२४ पुरुषांचा सुमारे साडेचार वर्षांच्या अंतराने केलेला अभ्यास ली गेटलर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मधल्या काळात जे वडील झाले, त्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा बरेच जास्त उतरले होते, आणि मुलांचे रोजचे करण्यात ज्यांचा अधिक वेळ जात होता त्यांच्यात ते सर्वांत कमी आढळले. इयाल अब्राहम आणि रूथ फेल्डमन यांच्या २०१४ च्या अभ्यासात, आईच्या गैरहजेरीत मुलाला स्वतः सांभाळणाऱ्या वडिलांच्या मेंदूतही भावनिक सावधपणाशी संबंधित असलेला अमिग्डला हा भाग आयांच्या इतकाच सक्रिय दिसला. वडील मुलासोबत जितका वेळ घालवत, तितका या भागाचा सामाजिक आकलनाच्या भागाशी संबंध घट्ट आढळला. बाळाला उचलणे, पुसणे, निजवणे ही कामे करता करताच माणसाचा मेंदू पालकाचा होत जातो, असे मी या संशोधनावरून समजतो. म्हणूनच ‘राहू दे, तुला जमणार नाही’ असे म्हणून बाळ वडिलांच्या हातून काढून घेणे मला घातक वाटते. त्याने आई एकटी पडते, वडिलांचा हात कधीच बसत नाही, आणि काही महिन्यांनी त्यांना खरोखरच जमत नाही.

माया तरी पहिल्या क्षणी उसळून येते का? काहींना येते. पुष्कळांना मात्र बाळ हातात घेतल्यावर थकवा, भीती किंवा नुसता परकेपणा जाणवतो, आणि जिव्हाळा दिवसागणिक, कधी आठवड्यांनी जमतो. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस स्वतःलाच दोषी ठरवतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांच्या समोरासमोरच्या खेळाचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा दोघांचे सूर एकूण वेळेपैकी सुमारे ३० टक्केच जुळलेले आढळले. उरलेला वेळ सूर चुकणे आणि पुन्हा जुळवून घेणे यात जातो, आणि चुकल्यावर पुन्हा जुळते हेच बाळ त्यातून शिकते.

आता रडण्याविषयी. बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. रडणे पहिल्या आठवड्यांत वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला जवळजवळ पावणेतीन तासांवर पोचले आणि त्यानंतर ओसरत गेले. म्हणजे ज्या सुमारास बाहेरची मदत आटते आणि कामावर परतायची वेळ जवळ येते, नेमके तेव्हाच बाळ सर्वाधिक रडते. पहाटेचे तीन वाजलेले आहेत, पोट भरलेले आहे, कपडे कोरडे आहेत, ताप नाही, तरी बाळाच्या मुठी आवळलेल्या आणि चेहरा लालबुंद. एकाच्या खांद्यावर बाळ आहे, आणि दुसरा डोळे मिटून पडला आहे पण झोपलेला नाही. कालही मीच उठलो होतो, असा हिशेब दोघांच्याही मनात चालू आहे. या क्षणी ठरवायला बसले तर भांडणच होते. म्हणून रात्र कशी वाटून घ्यायची, आणि राग अनावर होतो आहे असे वाटताच बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जायचे, हे गरोदरपणातच एकमेकांना सांगून ठेवावे. बाळाला रागाने गदागदा हलवल्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते किंवा जीवही जाऊ शकतो, हे घरात बाळ हाताळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

कॅरोलिन आणि फिलिप कोवन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कॅलिफोर्नियात पहिल्या मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. मतभेदांच्या विषयांत घरकामाची वाटणी सर्वांत वर होती. मूल येण्यापूर्वी जी वाटणी दोघांनी मनाशी धरलेली असे, तिच्यापेक्षा प्रत्यक्षात बाईवर बराच अधिक भार पडत असे, आणि खुपत असे ते या फरकामुळे. काही जोडप्यांना त्यांनी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांपासून बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत दर आठवड्याला गटात एकत्र बसवून बोलते केले, तर त्यांचे समाधान इतरांइतके घसरले नाही. कागदावर कामांची यादी करून पुढे नावे लिहिणे हा त्याचाच घरगुती मार्ग आहे. मात्र यादीत एक काम हमखास सुटते, ते म्हणजे लक्षात ठेवण्याचे. लसीची तारीख कोणाच्या डोक्यात राहणार, लंगोट संपत आले हे कोणाच्या नजरेस येणार? हे नाव लिहिले नाही, तर ते काम न सांगता एकाच्याच माथी बसते.

मानववंशशास्त्रज्ञ सेरा हर्डी यांच्या मांडणीनुसार माणसाची मुले पहिल्यापासूनच आईखेरीज इतर अनेकांच्या हातांवर वाढत आली आहेत. एकटी आई किंवा एकटे जोडपे ही मानवजातीची मूळची रचना नव्हे. त्यामुळे मदत मागणे म्हणजे कमी पडणे नव्हे. मागताना मात्र नेमके मागावे. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्यावर दमलेले माणूस काहीच सांगत नाही. ‘मंगळवारी दुपारी दोन तास मी बाळाजवळ बसेन, तुम्ही झोपा’ असे म्हणणारी दोनतीन माणसे आधीच ठरवून ठेवावीत. कोणी भेटायला कधी यावे आणि कोणाचे सल्ले कोणी ऐकून घ्यावेत, हेही दोघांनी एकमताने ठरवावे.

शेवटचा विषय मनाच्या आजाराचा, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास निम्म्याहून अधिक स्त्रियांना रडू येणे, चिडचिड, हळवेपणा असा त्रास होतो आणि दोन आठवड्यांत तो निवळतो. निवळला नाही, तर ते नैराश्य असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. २०१० मध्ये ४३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे १० टक्के वडिलांतही नैराश्य आढळले, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना ते सर्वाधिक होते. असे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबर्ग मापनश्रेणी ही प्रश्नावली फक्त दहा प्रश्नांची आहे, गेल्या सात दिवसांविषयी विचारते आणि काही मिनिटांत भरून होते. भ्रम होणे, नसलेले आवाज ऐकू येणे, स्वतःला किंवा बाळाला संपवण्याचा विचार येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठावेत.

नैराश्यात अडकलेल्याला आपण आजारी आहोत हे बहुधा उमजत नाही, उमजले तरी सांगायचे बळ नसते. म्हणून आज, दोघांचीही मने ताळ्यावर असताना, एकमेकांना परवानगी देऊन ठेवावी : ‘मी बरी आहे’ किंवा ‘मी बरा आहे’ असे कितीही म्हटले, तरी दोन आठवडे उलटूनही माझा चेहरा तसाच दिसला, तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घे आणि माझ्यासोबत चल.