जुन्या डेस्कटॉप संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग

संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जुन्या डेस्कटॉप संगणकांत ही क्रिया मुख्यतः मदरबोर्डच्या बायोसमधील (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील) आकडे बदलून केली जाते. नवा प्रोसेसर विकत न घेता वेग वाढतो, हे तिचे मोठे आकर्षण होय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात मात्र या विषयाची मांडणी थोडी निराळी करावी लागते. प्रोसेसर किती ताणता येईल हे येथे चिपच्या गुणवत्तेपेक्षा एप्रिल-मे महिन्यांत खोली किती तापते यावर ठरते, आणि रूढ मार्गदर्शक आकडे २० ते २५ अंश सेल्सिअसची खोली गृहीत धरतात.

तत्त्व : प्रोसेसरचा वेग हा मूळ घड्याळ (बोर्डाने दर सेकंदाला दिलेल्या ठोक्यांची संख्या) आणि गुणक (त्याला गुणायचा आकडा) यांचा गुणाकार असतो. इंटेलच्या कोअर २ क्वाड क्यू ६६०० या प्रोसेसरचे मूळ घड्याळ २६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक ९ असल्याने त्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ होतो. खोक्यावर छापलेला १०६६ हा एफएसबीचा (फ्रंट साइड बस, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या वाहिनीचा) आकडा म्हणजे याच घड्याळाची चौपट होय. बायोसमध्ये बदलायचा असतो तो २६६ चा आकडा. तो ३३३ केला की त्याच गुणकाने वेग ३ गिगाहर्ट्झ होतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत गुणक वरच्या बाजूने कुलूपबंद असल्यामुळे मूळ घड्याळ वाढविणे हाच मार्ग उरतो. एएमडीच्या ब्लॅक एडिशन मालिकेत गुणक मोकळा असतो. फेनॉम २ एक्स ४ ९५५ या प्रोसेसरमध्ये २०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला हात न लावता केवळ गुणक १६ वरून १८ केल्यास ३.२ चे ३.६ गिगाहर्ट्झ होतात.

कारखान्यात एकाच तबकडीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात आणि सर्वांत दुबळ्या चिपेलाही झेपेल असा वेग त्या गटासाठी ठरविला जातो. उरलेल्या चिपांत जी राखीव ताकद शिल्लक राहते, तिचाच हा वापर होय. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सारखाच वेग गाठतील याची खात्री नसते. दुसऱ्याच्या संगणकावरील आकडे जसेच्या तसे उतरवून घेणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक मानावी लागेल.

पार्श्वभूमी : सुरुवातीला घड्याळ आणि गुणक मदरबोर्डवरील जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून बदलावे लागत. १९९८ मध्ये आलेला ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर ४५० मेगाहर्ट्झने चालू शके. ॲबिट कंपनीच्या बीएच ६ बोर्डाच्या बायोसमध्ये हे बदल पडद्यावरच करता येत असल्याने ही जोडी विशेष गाजली. २००६ पासूनच्या कोअर २ पिढीने या छंदाला सर्वाधिक वाव दिला, १.८ गिगाहर्ट्झचा स्वस्त पेंटियम ड्युअल-कोअर ई २१६० बऱ्याचदा ३ गिगाहर्ट्झच्या आसपास पोहोचे. जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली आणि हा मार्ग जवळजवळ बंद झाला. तिच्यात १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ इतर बसच्या (बोर्डावरील वाहिन्यांच्या) घड्याळांशी बांधलेले असल्याने ते काही टक्क्यांपलीकडे हलत नाही. वेग वाढवायचा तर नावात ‘के’ असलेला मोकळ्या गुणकाचा प्रोसेसर आणि पी ६७ किंवा झेड ६८ सारखा चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपांचा संच) लागतो. प्रस्तुत नोंदीचा रोख त्यापूर्वीच्या संगणकांवर आहे.

उष्णता : प्रोसेसर जी वीज उष्णतेत बदलतो ती वेगाच्या सम प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्यू ६६०० चा वेग २.४ वरून ३ गिगाहर्ट्झ केला तर वीज १.२५ पट होईल. पण तो वेग टिकविण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.४० व्होल्ट करावे लागले, तर हाच हिशेब सुमारे १.५७ पटीवर जातो. म्हणजे वेग पावपट वाढला आणि उष्णता दीडपटीहून अधिक. व्होल्टेज न वाढविता मिळणारा वेग हाच खरा फायद्याचा वेग, हे या गणितावरून उघड होते.

हवेने थंड होणारा हीटसिंक (प्रोसेसरवर बसविलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही; तो केवळ खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंश अधिक तापेल हे ठरवितो. पूर्ण भारावर मूळ वेगात हा फरक ३० अंश असेल, तर वरील १.५७ पट उष्णतेने तो सुमारे ४७ अंश होतो. जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे रात्री पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो; २० अंशांच्या खोलीत हा प्रोसेसर ६७ अंशांवर राहील आणि सर्व काही सुरळीत वाटेल. भुसावळ-जळगावात उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा खोलीत ४० अंश धरले तरी तोच प्रोसेसर ८७ अंशांवर जाईल, आणि झाकलेल्या कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा गरम असते ते वेगळेच. तापलेल्या सिलिकॉनमधून गळणारा प्रवाहही वाढतो आणि थंडीत बिनचूक चाललेली सेटिंग वैशाखात गणिते चुकवू लागते. तापमान चिपच्या मर्यादेला भिडले की प्रोसेसर स्वतःच वेग आवरतो. अशा वेळी ओव्हरक्लॉक केलेला संगणक मूळ वेगाच्या संगणकापेक्षाही हळू चालल्याची उदाहरणे आढळतात आणि त्याचा दोष बहुधा व्हायरसला दिला जातो.

अडचण अशी की वेगाची गरजही नेमकी याच दिवसांत असते. लग्नसराईत गावोगावच्या फोटो स्टुडिओंमध्ये लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग आणि रेंडरिंग तासन्तास चालते, आणि हे काम प्रोसेसरचे चारही कोअर (स्वतंत्रपणे गणिते करणारे भाग) पूर्ण भाराने राबविणारे असते. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातील खोली त्यातल्या त्यात बरी. पत्र्याच्या गाळ्यात दुपारी केलेले रेंडरिंग हीच ओव्हरक्लॉकिंगची खरी परीक्षा होय. म्हणून अंतिम चाचणी मे महिन्यातील दुपारी घ्यावी, किंवा हिवाळ्यात घेतल्यास खोलीच्या तापमानातील २० अंशांचा फरक मिळविलेल्या आकड्यात मिळवून पाहावा.

पाण्याचा कूलर खोली थंड करतो आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याचा निश्चित उपयोग होतो. परंतु त्याचा झोत थेट उघड्या कॅबिनेटवर सोडणे घातक ठरते. बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डवर वाळून क्षार धरतात आणि ओलावा कनेक्टरना गंज चढवितो. मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला की कूलरचा गारवाही संपतो.

धूळ हा दुसरा स्थानिक घटक. दर वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच साठविण्याची रीत खानदेशात असल्याने, आणि जिनिंगच्या परिसरात तर वर्षातील अनेक महिने, कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. इंटेलच्या मूळ गोल हीटसिंकवरील पंखा काढून पाहिल्यास हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी धूळ व तंतू मिळून नमद्यासारखा थर बसलेला दिसतो. पंखा जोरात फिरत असूनही पात्यांमधून हवा जात नाही. ब्लोअरने हा थर उडविताना पंखा बोटाने धरून ठेवावा, अन्यथा तो मर्यादेपेक्षा जास्त फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून पावडर झालेली असते. ती पुसून नवीन पातळ थर द्यावा आणि हीटसिंकच्या चारही प्लॅस्टिक पिना बोर्डच्या मागील बाजूने पूर्ण बाहेर आल्या आहेत हे पाहावे. एक पिन अर्धवट राहिली तरी तापमान कितीतरी अंशांनी चढते. एवढ्या दुरुस्तीआधी बायोसला हात लावण्यात अर्थ नाही.

वीजपुरवठा : वाढलेली वीज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीच्या) १२ व्होल्टच्या वाहिनीतून येते. ही वाहिनी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहणे अपेक्षित असते. स्वस्त एसएमपीएसवर लिहिलेले वॉट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॉट यांत मोठे अंतर असते. जी ३१ चिपसेटचे जे स्वस्त बोर्ड आपल्याकडे मोठ्या संख्येने खपले, त्यांतील अनेकांवर प्रोसेसरजवळच्या मॉस्फेटना (त्याची वीज नियंत्रित करणाऱ्या भागांना) हीटसिंक नसतो. अशा बोर्डवर दोन कोअरचा प्रोसेसर थोडा वाढविणे चालते. क्यू ६६०० ओव्हरक्लॉक करणे म्हणजे बोर्ड जाळण्याची तयारी ठेवणे. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली असतील तर तो बोर्ड मूळ वेगावरच राहू द्यावा. भारनियमनामुळे किंवा शेतीपंप सुरू-बंद होताना दाब वरखाली होतो, त्या ठिकाणी यूपीएस आणि नीट अर्थिंग आधी हवे.

कृती : संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबून बायोसमध्ये जातात. गिगाबाइटच्या बोर्डांवर ही सेटिंग एमआयटी या पानावर, आसूसवर एआय ट्वीकरमध्ये आणि एमएसआयवर सेल मेन्यूमध्ये सापडते. गिगाबाइटच्या जुन्या बोर्डांवर काही पर्याय मुख्य पडद्यावर कंट्रोल आणि एफ १ एकत्र दाबल्याशिवाय दिसत नाहीत. प्रथम पीसीआय एक्सप्रेसचे (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे जोडणाऱ्या वाहिनीचे) घड्याळ १०० मेगाहर्ट्झवर आणि पीसीआयचे ३३ मेगाहर्ट्झवर बांधून टाकावे. हे स्वयंचलित राहिल्यास काही बोर्डांवर ती घड्याळेही प्रोसेसरसोबत वाढतात आणि हार्डडिस्कवरील माहिती बिघडते. स्प्रेड स्पेक्ट्रम (घड्याळाचा वेग किंचित हलता ठेवणारा पर्याय) बंद करावे, तसेच प्रोसेसरचे व्होल्टेज ‘ऑटो’वर न ठेवता आकड्यात भरावे, कारण ऑटोवर सोडल्यास बोर्ड स्वतःच्या समजुतीने व्होल्टेज गरजेपेक्षा वर नेतो.

त्यानंतर रॅमचे गुणोत्तर पाहावे लागते, आणि बहुतेकांचे अडते ते येथेच. गिगाबाइटच्या बायोसमध्ये हे गुणोत्तर ३.००, २.४०, २.०० असे दिसते. मूळ २६६ मेगाहर्ट्झला ३.०० ने गुणले की डीडीआर २ प्रकारची ८०० ची रॅम ८०० वर चालते. घड्याळ ३३३ केले आणि गुणोत्तर तेच ठेवले तर रॅमला १००० वर धावावे लागेल. साधी रॅम ते करीत नाही, संगणक अडकतो आणि प्रोसेसर तेवढा ताणला जात नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गुणोत्तर २.४० केल्यास रॅम पुन्हा ८०० वर येते. प्रोसेसरची मर्यादा शोधताना २.०० ठेवून ती ६६७ वरच चालविणे अधिक सुरक्षित. एवढे झाल्यावर घड्याळ एकदम ३३३ न करता २८०, ३००, ३२० अशा पायऱ्यांनी वाढवावे आणि प्रत्येक पायरीवर एफ १० ने सेटिंग जतन करून चाचणी घ्यावी.

पडदा काळा राहिल्यास बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर आपोआप मूळ आकड्यांवर परततात. तसे न झाल्यास वीजतार काढून क्लिअर सीमॉसचा (बायोसमध्ये भरलेले आकडे पुसणारा) जंपर काही सेकंद जोडावा, अथवा सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी काढून थोड्या वेळाने बसवावी. ज्या बोर्डांवर प्रोफाइल जतन करण्याची सोय आहे, तेथे हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन सेटिंग ठेवून होळीनंतर दुसरी लावणे हा खानदेशापुरता सर्वांत व्यवहार्य उपाय होय.

चाचणी : विंडोज सुरू झाली म्हणजे सेटिंग जमली असे नव्हे. आधी मेमटेस्ट ८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवून रॅम तपासावी. मर्यादेबाहेरची रॅम विंडोजच्या फायली चुपचाप बिघडविते आणि त्याचा पत्ता पुष्कळ उशिरा लागतो. नंतर प्राइम ९५ काही तास चालू ठेवून कोअर टेम्पमध्ये तापमान आणि सीपीयू-झेडमध्ये प्रत्यक्ष वेग पाहावा. प्राइम ९५ माहीत असलेल्या उत्तराशी आपले गणित ताडून पाहते. एकाही कोअरवर त्रुटी आली तर संगणक वरकरणी नीट चालत असला तरी सेटिंग नापास समजावी. कामाच्या फायलींची प्रत त्यापूर्वीच दुसरीकडे काढलेली असावी.

मर्यादा : कार्यालयांतून निवृत्त होऊन सेकंडहँड बाजारात येणाऱ्या डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या डेस्कटॉपांच्या बायोसमध्ये घड्याळ बदलण्याचे पर्याय सहसा नसतात. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी जुना संगणक घेताना तो सुरू करून बायोसचे पान उघडून पाहणे म्हणूनच आवश्यक. हिशेबपुस्तक, टायपिंग आणि ब्राउझर एवढेच काम असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा फरक जाणवत नाही; तेथे हार्डडिस्कऐवजी एसएसडी आणि आणखी २ किंवा ४ जीबी रॅम यांवर केलेला खर्च अधिक कामी येतो. रेंडरिंग, फायली आकुंचित करणे आणि त्या काळातील खेळ यांत मात्र वाढलेल्या वेगाच्या जवळपास प्रमाणात वेळ वाचतो. सततच्या जास्त व्होल्टेजने आणि उष्णतेने चिपमधील सूक्ष्म तारांचा धातू हळूहळू सरकून प्रोसेसरचे आयुष्य घटते. त्याचे पहिले लक्षण म्हणजे वर्षानुवर्षे चाललेली सेटिंग त्याच तापमानाला अचानक टिकेनाशी होणे.