१८३४चे दोन हाफ ईगल: एक वाचलेला, एक वितळलेला

'१८३४चं अमेरिकन पाच डॉलरचं सोन्याचं नाणं' एवढ्या वर्णनावर कोणीही पैसे मोजू नयेत. त्या एका वर्षात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने पाच डॉलरची, म्हणजे 'हाफ ईगल' नावाची, दोन वेगळी नाणी पाडली. एक आज शोधूनही सापडत नाही. दुसरं जुन्या अमेरिकन सोन्याच्या बऱ्याशा विक्रेत्याकडे मिळून जातं.

ओळखायचं तर आधी नाणं उलटं करा. गरुडाच्या वर 'ई प्लुरिबस युनम' हे लॅटिन ब्रीद कोरलेली फीत दिसली, तर ते जुनं 'कॅप्ड हेड'. ती जागा मोकळी असेल तर नवं 'क्लासिक हेड'. दर्शनी बाजूला जुन्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) डोक्यावर टोपी आहे, नवीच्या कुरळ्या केसांवर नुसती पट्टी. तेरा तारे, त्यांच्यामध्ये चेहरा आणि खाली साल ही मांडणी मात्र दोन्हींवर तीच, त्यामुळे घाईत गफलत होते. ब्रीद गाळलं होतं तेही याचसाठी, की लोकांना नवं नाणं चटकन वेगळं कळावं.

कळणं गरजेचंच होतं. १७९२च्या कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या १५ पट बांधून दिला होता. युरोपात तो साडेपंधराच्या वर गेला. साहजिकच सराफांनी आणि व्यापाऱ्यांनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवून समुद्रापार धाडली, आणि तिथे ती मुशीत गेली. टाकसाळ पाडत होती आणि देशात नाणं टिकत नव्हतं. शेवटी २८ जून १८३४च्या कायद्याने हे प्रमाण १६च्या आसपास आणलं आणि हाफ ईगल ८.७५ ग्रॅमवरून ८.३६ ग्रॅमवर उतरला. शुद्ध सोनं ८.०२ ग्रॅम होतं, ते ७.५२ ग्रॅम झालं. जुन्या नाण्यांसाठी कायद्याने पेनीवेटला (सोनं तोलायचं जुनं वजन, सुमारे १.५६ ग्रॅम) ९४.८ सेंट असा दरच ठरवून दिला. हिशोब केला तर जुनं पाच डॉलरचं नाणं ५.३३ डॉलरचं झालं. ते पाचाला कोण खर्च करणार? उरलीसुरलीही मोडीत निघाली.

म्हणूनच टाकसाळीच्या नोंदीतला आकडा पाहून दुर्मिळता ठरवू नये, असं मी आग्रहाने सांगतो. १८३४ची जुनी नाणी ५०,१४१ पाडली गेली. हा आकडा लहान नाही, पण आज उरलेली डझनांत मोजावी लागतात. नवी साडेसहा लाखांहून जास्त पडली आणि हजारोंनी टिकली. टोकाचं उदाहरण १८२२च्या हाफ ईगलचं: नोंद १७,७९६ची, ज्ञात नाणी फक्त तीन. त्यातली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरं मार्च २०२१मध्ये ८४ लाख डॉलरला विकलं गेलं.

नव्या संग्राहकाने क्लासिक हेडपासूनच सुरुवात करावी. फक्त कडेवर धातूच्या जोडाच्या टाक्याची खूण आहे का, ते भिंगाखाली बघा. अशी बरीच नाणी दागिन्यात जडवली गेली होती, आणि कडी काढून घासलेल्या नाण्याची किंमत खूप उतरते. सालातला '४'ही नीट पाहा. त्याच्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ असेल, तर 'नेहमीचं' म्हणून हातात आलेलं ते क्लासिक हेड खरोखरच दुर्मिळ निघतं.