फिट ‘येऊ नये म्हणून’ची गोळी आणि फिट ‘आली म्हणून’ची गोळी

पुण्यात सिंहगड रोडला माझं मेडिकल आहे. डोक्याला मार लागून हॉस्पिटलातून घरी आलेल्या पेशंटच्या चिठ्ठ्या आमच्याकडे सतत येतात. त्यातला एक घोळ इतक्यांदा पाहिला आहे की आता लिहायलाच बसले.

मिरगीची गोळी कशी घ्यायची, हे ज्या घरात मिरगी आहे तिथे पाठच असतं. वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, वर्षानुवर्षं घ्यायची, कमी करायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच. याबद्दल मला काही जास्त सांगायचं नाही. पंचाईत ही की हाच नियम मेंदूला मार लागलेल्या प्रत्येक पेशंटला लावला जातो. कारण गोळी तीच असते. तीच पट्टी, तेच 1-0-1.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. मुलगा सव्वीस वर्षांचा, नवले पुलाजवळ बाइकवरून पडलेला, हेल्मेट नव्हतं. डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्यांवर सेलोटेप लावलेलं. त्यावर लेव्हेटिरासिटम 500, म्हणजे फिटची गोळी, सकाळ-संध्याकाळ, आणि पुढे फक्त ‘चालू ठेवणे’. किती दिवस, काही नाही. चौदा महिने झाले होते. मी विचारलं, “त्याला फिट कधी आली होती?” त्या म्हणाल्या, “एकदाही नाही हो ताई. गोळी लागू पडलीय ना!” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण चिडतो फार. परवा जेवणाचं ताट भिरकावलं. आणि मिरगीच्या गोळ्या चालू आहेत म्हटलं की स्थळं परत जातात.”

त्या मुलाला मिरगी नव्हतीच. निदान तोपर्यंत तरी तसं म्हणायला काही आधार नव्हता.

खरा फरक इथे आहे. मार लागल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत येणारी फिट आणि त्यानंतर येणारी फिट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आठवड्यात मेंदू सुजलेला असतो, रक्त साकळलेलं असतं, ताज्या जखमेमुळे पेशी बिथरलेल्या असतात. अशात फिट आली तर कवटीच्या आतला दाब वाढतो आणि आधीच धोक्यात असलेल्या मेंदूला ते परवडत नाही. म्हणून मार मोठा असेल, कवटीचं हाड आत दबलं असेल, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलं असेल, तर फिट आलेली नसतानाही औषध सुरू करतात. ते त्या आठवड्यापुरतं खूप मोलाचं काम करतं.

नंतरची फिट येते ती जखमेच्या व्रणातून. मेंदू बरा होताना पेशींची नवी जोडणी होते, आणि कुठे ती चुकीची झाली की महिन्यांनी, कधी वर्षांनी तिथून फिट उठते. ही गोळी त्या चुकीच्या जोडणीला अडवत नाही. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा शिपका मारला की दूध खाली बसतं, पण शेगडी पेटलेलीच राहते. तसंच हे. मुळात शेगडी पेटलीच नसेल, तर चौदा महिने शिपके कशासाठी मारायचे?

हा माझा अंदाज नाही. 1990 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला गंभीर मार लागलेले 404 पेशंट, निम्म्यांना वर्षभर फेनिटॉइन हे फिटचंच दुसरं औषध, बाकीच्यांना औषध नसलेला सारखा दिसणारा डोस. पहिल्या आठवड्यात फेनिटॉइनवाल्यांपैकी 3.6 टक्के जणांना फिट आली, दुसऱ्या गटात 14.2 टक्के. आठव्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंतचे आकडे मात्र 21.5 आणि 15.7. म्हणजे औषध घेणाऱ्यांच्या फिट्स कमी झाल्याच नाहीत. मेंदूच्या दुखापतीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: पहिल्या सात दिवसांतली फिट रोखायला फेनिटॉइन द्या, पुढची फिट टाळण्यासाठी म्हणून फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट (हेही फिटचंच औषध) चालू ठेवू नका.

“असू दे की, सावधगिरी म्हणून,” हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. बऱ्या होणाऱ्या मेंदूकडून ही सावधगिरी किंमत वसूल करते. लेव्हेटिरासिटमने काही जणांची चिडचिड वाढते, मन खचतं. फेनिटॉइनने सुस्ती येते, तोल जातो, दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या सुजतात. आणि घरचे म्हणत राहतात, “मार लागल्यापासून असाच झालाय.” मारामुळेही माणूस चिडका होतोच, म्हणून तर गोळीवर कुणाचा संशय जात नाही.

आता उलटी बाजू. वारज्याचे एक प्लंबर शिडीवरून पडले होते. चौथ्या महिन्यात सकाळी चहा पिताना फिट आली, मग गोळी सुरू झाली. म्हणजे ‘आली म्हणून’ची. वर्षभराने कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की मारानंतर गोळी सातच दिवस लागते. त्यांनी त्याच दिवशी बंद केली. अकराव्या दिवशी चांदणी चौकात बसमधून उतरताना कोसळले. सातवा दिवस उलटल्यावर एकदा फिट आली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. तिथे मिरगीचेच सगळे नियम लागू, अगदी गाडी न चालवण्यासकट. म्हणून माझा हा मजकूर वाचून कुणीही गोळी स्वतः बंद करू नये. फिट आलेली नसली तरी नाही. रोजची गोळी अचानक तोडली की त्यानेच फिट येऊ शकते. शिवाय पहिल्याच आठवड्यात फिट आली असेल, किंवा ऑपरेशनमध्ये काढलेलं कवटीचं हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलंय आणि ते परत बसवायचं ऑपरेशन व्हायचंय, तर डॉक्टर विचारपूर्वक औषध लांबवतात. ते त्यांनाच ठरवू द्या.

फेनिटॉइन की लेव्हेटिरासिटम, ही कंपनी की ती, जेवणाआधी की नंतर, यावर लोक माझ्याशी अर्धा-अर्धा तास बोलतात. त्याने फार बिघडत नाही. कंपनी मात्र घडीघडी बदलू नका. त्यापेक्षा डोकं दुखतं म्हणून शेजाऱ्याकडची ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी देऊ नका, तिने फिट येण्याची शक्यता वाढते. आणि ‘मेंदूच्या ताकदीची’ म्हणून सिटिकोलिन मागायला येऊ नका. बाराशेहून जास्त पेशंटवर केलेल्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, हे 2012 मध्येच छापून आलंय. ते पैसे फिजिओथेरपीला द्या.

त्या बाईंना मी कार्डाच्या मागे लिहून दिलं: ‘फिट एकदाही नाही. गोळी किती दिवसांसाठी होती?’ न्यूरोसर्जननी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला, तपासलं आणि काही आठवड्यांत उतरवत गोळी बंद केली. आता अशी चिठ्ठी आली की मी पाकिटावर डोसच्या खाली पेनने आणखी एक ओळ लिहिते: ‘येऊ नये म्हणून’, किंवा ‘आली म्हणून’ आणि फिटची तारीख. घरच्यांना तारीख सांगता आली नाही, तर महिन्याच्या गोळ्या देते आणि सांगते, पुढच्या वेळी ओपीडीत विचारून या.