‘रूढी’ या शब्दाची पार्श्वभूमी
नाशिकच्या पंचवटीत वटपौर्णिमेला वडाच्या बुंध्याभोवती सुताचे इतके फेरे पडतात की दुपारपर्यंत त्याची साल दिसेनाशी होते. हे कशासाठी, असे विचारले तर ‘तशी रूढी आहे’ असे उत्तर बहुधा मिळते, आणि हा शब्दही मुळात झाडाझुडपांच्याच जगातला आहे. संस्कृतात ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे, वर चढणे; त्यावरून ‘रूढ’ म्हणजे वाढलेले, मूळ धरलेले. वडाच्या पारंबीला ‘अवरोह’ म्हणतात, तो याच धातूचा शब्द. ‘गुह्य’चे प्राकृतातून ‘गूज’ झाले, त्याच वळणाने मराठी ‘रुजणे’ही येथूनच आले. रूढी म्हणजे रुजलेली गोष्ट.

व्याकरणकारांनी आणि साहित्यशास्त्रज्ञांनी हा शब्द फार बारकाईने वापरला आहे. घटकांवरून कळतो तो यौगिक अर्थ आणि केवळ वापराने ठरतो तो रूढ. ‘कुशल’ म्हणजे मूळचा दर्भ तोडून आणणारा. हात कापू न देता ती धारदार पाती खुडायला जे कसब लागते, तेवढेच पुढे शब्दात उरले आणि दर्भ विसरला गेला. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ म्हणजे शास्त्रापेक्षा रूढी बलवान; या वचनामागेही वापराच्या या बळाची जाणीव आहे, आणि माझ्या मते शब्दातला धोकाही तेथेच आहे, कारण मूळ कारण विसरले तरी रूढीची सत्ता कमी होत नाही.

एकोणिसाव्या शतकात सुधारकांनी ही सत्ता प्रश्नांकित केली. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आगरकरांच्या पिढीपासून ‘रूढी’ला दोषाची छटा चिकटली, ती आजही सुटलेली नाही. नाशिकने तिचे कठोर रूप प्रत्यक्ष पाहिले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सनातन्यांनी वहिवाटीचा आधार घेऊन दरवाजे बंद ठेवले. दादासाहेब गायकवाडांसह स्थानिक कार्यकर्त्यांनी काही वर्षे लढा चालवूनही ते उघडले नाहीत. पुढे ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, तिच्या १३ व्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढीही घेतली गेली, त्यामुळे मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरती तीही शून्य ठरते.