लसणाचे गंधक आणि खतांच्या गोणीचा इतिहास

लसणाची अन्नद्रव्यांची उचल सुरुवातीला मंद असते, कारण लावलेली पाकळी पहिले काही आठवडे अंकुराला स्वतःच्याच साठ्यावर पोसते. पाने जोमाने वाढू लागली की नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि गंधकाची मागणी एकदम चढते आणि गड्डा भरताना पानांतला साठा खाली उतरतो. उग्र वास देणारी संयुगे गंधकाचीच असतात, आणि त्यासाठी लागणारे गंधक मुळे फक्त सल्फेटच्या रूपात घेऊ शकतात. मुळे उथळ असल्याने ते वरच्या थरातच मिळावे लागते.

गंधकाचा प्रश्न पूर्वी पडतच नसे, कारण ते न मागता मिळत होते. भारतात सुपर फॉस्फेट १९०६ पासून बनू लागले आणि आजच्या झारखंडमधल्या सिंदरीच्या कारखान्यातून १९५१ पासून निघू लागले ते अमोनियम सल्फेट. स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र देणाऱ्या या दोन्ही खतांत गंधक होते. हरितक्रांतीनंतर त्यांची जागा नत्राच्या युरियाने आणि स्फुरदाच्या डीएपीने (डायअमोनियम फॉस्फेट) घेतली, आणि या दोन्हींत गंधक नाही. महाराष्ट्रात लसणासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही मात्रा रूढ आहे. त्यातले ५० किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचे तर सुमारे ३१२ किलो खत, म्हणजे सव्वासहा गोण्या लागतात, आणि त्यासोबत ३४ किलोंच्या आसपास गंधक आपोआप शेतात पडते. डीएपीच्या दोन गोण्यांहून थोड्या अधिक खतात तेवढेच स्फुरद मिळते, गंधक मात्र शून्य. दोन गोण्यांत भागत असताना सहा गोण्या वाहायला कोणी तयार होत नाही, यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही.

यानंतरचा खरा वादग्रस्त निर्णय १ एप्रिल २०१० चा. त्या दिवसापासून अनुदान खताच्या नावावर न देता त्यातल्या अन्नद्रव्यांवर, किलोच्या हिशोबाने देण्याचे धोरण लागू झाले आणि नत्र, स्फुरद, पालाश यांच्या पंक्तीला गंधकही बसले. मात्र पहिल्या वर्षी नत्राला किलोमागे २३ रुपयांहून अधिक आणि गंधकाला दोन रुपयांहूनही कमी, अशी ती पंगत होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे युरिया या धोरणाबाहेर ठेवला गेला आणि त्याची किंमत सरकारी नियंत्रणातच राहिली. युरिया महागला तर लहान शेतकरी कोलमडेल, हा समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण डीएपी आणि पोटॅश या पालाशाच्या खताचे भाव चढत गेले, युरिया जागीच राहिला आणि हात साहजिकच स्वस्त गोणीकडे वळला. लसणात याची किंमत उशिरा कळते: वरखताचा, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचा युरिया पहिल्या दीड महिन्यात संपवायचा असतो, तो नंतरही पडत राहिला की पात हिरवी राहते, मान जाड होते, पक्वता लांबते आणि काही वेळा गड्ड्यातल्या पाकळ्यांना शेतातच कोंब फुटतात. असा लसूण साठवणीत टिकत नाही. धोरण आखणाऱ्यांनी गंधकाला नावापुरती जागा दिली आणि त्याच वेळी असमतोलाचे मुख्य कारण जसेच्या तसे ठेवले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

जुलै २०२३ मध्ये गंधकाचे आवरण असलेला युरिया बाजारात आणण्यात आला. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. स्वस्त गोणीतच गंधक घालण्याची कल्पना चांगली आहे, परंतु हे गंधक मूलद्रव्याच्या रूपात असते. जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही, आणि रब्बीच्या थंडीत हे काम मंदावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला लसूण चार-सव्वाचार महिन्यांत काढणीला येतो, त्यामुळे महिन्याभराने वरखत म्हणून दिलेल्या गंधकाचा काही भाग पुढच्या पिकाच्याच कामी येण्याची शक्यता अधिक. लागवडीपूर्वी दिलेल्या सुपर फॉस्फेटमधले किंवा जिप्समचे गंधक आधीच सल्फेटच्या रूपात असते, त्यामुळे पानांची मागणी चढते तेव्हा ते मुळांजवळ हजर असते.