सवलतीचं औषध आणि स्वस्त औषध

‘ॲपवर वीस टक्के सूट मिळते, म्हणजे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला इतकी वर्षं लुटतच होता.’ सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य अधूनमधून येतंच. खाली लगेच कुणीतरी टाकतं, ‘त्यापेक्षा जनऔषधीत जा.’ जणू दोन्ही सल्ले एकच आहेत. ते एक नाहीत, आणि गल्लीतली मेडिकल का बंद होतायत हे समजायचं तर आधी हा घोळ निस्तरायला हवा.

सवलत म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पाकीट तेच, कंपनी तीच, छापील किमतीतून काही रुपये वजा. जनऔषधी ही सरकारी योजना २००८ची. तिथं पाकिटावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असतं आणि किंमत बरेचदा ब्रँडच्या निम्म्याहूनही कमी. दिसण्यातला फरक एवढाच.

खरी मेख आहे ती पैसे कुणाच्या खिशातून कमी होतात यात.

पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन अशा औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय, तेही त्याच्या खरेदीवर. जीएसटी बाजूला ठेवून हिशोब करा: १०० रुपयांना घेतलं, ११६ला विकलं. आता ११६वर वीस टक्के सूट द्या. २३ रुपये २० पैसे गेले, हातात आले ९२ रुपये ८० पैसे. म्हणजे पाकिटामागे सात रुपये वीस पैसे पदरचे घालायचे. भाडं, फार्मासिस्टचा पगार आणि इंजेक्शनांच्या फ्रिजचं बिल वेगळंच. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर रिवाजाने छापील किमतीच्या साधारण २० टक्के मिळतात. तिथं वीस टक्के सूट म्हणजे हाती शून्य.

मग मोठ्या ॲपवाल्यांना कसं परवडतं? ते घाऊक माल उचलतात, मधल्या स्टॉकिस्टचा, म्हणजे दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचा, वाटाही बऱ्याच अंशी स्वतःकडे वळवतात, स्वतःच्या नावाची व्हिटॅमिनं आणि क्रीम विकतात, आणि तोटा सोसायला मागे भांडवल असतं. ऑनलाइन औषधं विकणाऱ्यांपैकी नेटमेड्स २०२०मध्ये रिलायन्सने घेतलं, वनएमजी २०२१मध्ये टाटांनी. गल्लीतल्या माणसामागे असतो तो बँकेचा हप्ता. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८ला देशभर बंद पाळला, त्याच्या मुळाशी ऑनलाइन विक्रीच होती.

जनऔषधीत दुकानदाराचा घास जात नाही. केंद्रचालकाला २० टक्के मार्जिन मिळतंच. कमी होतो तो ब्रँडच्या नावाचा, जाहिरातीचा आणि एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींच्या, फेऱ्यांचा खर्च. म्हणून माझं मत ठाम आहे: रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांवर पैसे वाचवायचे असतील तर वीस टक्क्यांच्या मागे धावू नका, डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

हे डॉक्टरांनाच सांगायचं, मेडिकलवाल्याला नाही. ‘मुद्दाम महागडा ब्रँड देतो’ हा आरोप ऐकला की माझं डोकं फिरतं. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतल्या, औषधाच्या जागी परस्पर दुसरं देण्याला १९४५च्या औषध नियमांत मनाई आहे, मग आतला घटक तोच का असेना.

‘७० टक्के सूट’ अशी पाटी लावणारी खासगी जेनेरिक दुकानं हा तिसराच प्रकार. तिथं छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत बरेचदा कित्येक पटींचं अंतर असतं, त्यामुळे सत्तर टक्के सोडूनही भरपूर उरतं. औषध वाईट असतं असं मी म्हणत नाही. टक्का विसरा आणि एका गोळीला किती पडले ते बघा, बस.

राहता राहिला कोपऱ्यावरचा. त्याच्याकडे आपण दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या मागतो. तो बॅच नंबर आणि मुदतीची तारीख उरेल अशा बेताने कात्री चालवतो. उरलेल्या सहा मुदतीत खपल्या नाहीत तर कापलेली पट्टी स्टॉकिस्ट सहसा परत घेत नाही. तेव्हा महिन्याच्या औषधांची मोठी यादी ॲपवर टाकून रात्री अकराला चार गोळ्यांसाठी त्याचं शटर वाजवणाऱ्यांनी निदान त्याच्याकडे वीस टक्के तरी मागू नयेत.