म्योग्लिन

जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यातील एक लहान खेडे. बर्लिनच्या ईशान्येस सुमारे ५० किमी.वर, बार्निम पठाराच्या कडेला ते वसले आहे. पठाराखाली ओडर नदीचे जुने पाणथळ खोरे, ओडरब्रुख, पसरले आहे. १७४७ ते १७५३ या काळात त्या काळच्या प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीड्रिख दुसरा याने बांध घालून आणि कालवे काढून ते लागवडीखाली आणले. खाली गाळाची कसदार जमीन आणि वर म्योग्लिनला वाळूसर, हलके रान, असा हा मुलूख आहे. जर्मन शेतीशास्त्राची जडणघडण या हलक्या रानात झाली.

त्याचे श्रेय आल्ब्रेख्ट डानिएल टेअर (१७५२–१८२८) यांना जाते. ते मूळचे हानोफर राज्यातील त्सेले येथील डॉक्टर. बागकामाच्या नादातून ते शेतीकडे वळले. इंग्लंडमधील नव्या शेतीपद्धतीवर त्यांनी विस्तृत लेखन केले आणि १८०२ मध्ये त्सेले येथे शेतीचे वर्ग सुरू केले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सैन्याने हानोफर व्यापले. तेव्हा प्रशियाच्या राजाने टेअर यांना आश्रय देऊन ओडरब्रुखमध्ये जमीन दिली. ती विकून टेअर यांनी १८०४ मध्ये म्योग्लिनची इस्टेट घेतली. १८०६ च्या शरद ऋतूत तेथे शेतीशाळा उघडली. त्याच ऑक्टोबरात येना-आउअरश्टेट येथील लढाईत नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याकडून प्रशियाचा दारुण पराभव झाला, तरीही शाळा तगली. १८१९ मध्ये तिला शाही अकादमीचा दर्जा मिळाला.

त्या काळी बहुतेक गावांत त्रिक्षेत्र पद्धत चालत असे. एका पट्ट्यात हिवाळी धान्य, दुसऱ्यात उन्हाळी धान्य आणि तिसरा पट्टा पडीक. जनावरे उघड्यावर चरत, त्यामुळे शेण रानोमाळ वाया जाई. खत कमी पडले की धान्य उतरे आणि चारा नसल्याने जनावरेही वाढवता येत नसत. टेअर यांनी हे दुष्टचक्र चाऱ्यापासून तोडले. पडीक पट्ट्यात बटाटा आणि क्लोव्हर हे द्विदल चारापीक घ्यायचे, तृणधान्यानंतर पानाळ किंवा कंदपीक आणायचे, जनावरांना गोठ्यातच चारा घालायचा आणि साचलेले शेणखत शेतात परतवायचे. म्योग्लिनच्या वाळूत ही फेरपालट यशस्वी झाली, म्हणूनच तिची साक्ष वजनदार ठरली. कसदार जमिनीतल्या यशाने कोणाचीच खात्री पटली नसती.

शेती हा नफ्यासाठी करायचा धंदा आहे, अशी टेअर यांची रोखठोक व्याख्या होती. त्यामुळे म्योग्लिनमध्ये हिशेबाला नांगराइतकेच महत्त्व होते. रसायनज्ञ हाइनरिख आइनहोफ यांच्या साहाय्याने त्यांनी प्रत्येक चाऱ्याचे मोल वाळलेल्या गवताच्या मापाने ठरवले. १०० पौंड गवताची बरोबरी २०० पौंड बटाटे करतात, असे ते मांडत. ही कोष्टके पुढे मागे पडली, पण गोठ्याचा खुराक आकड्यांत मोजण्याची सवय टिकली. इस्टेटीवरील मेरिनो मेंढ्यांची तलम लोकर बाजारात नावाजली गेली. शेतीच्या तर्कशुद्ध तत्त्वांवरील टेअर यांचा चार खंडांचा ग्रंथ १८०९ ते १८१२ दरम्यान प्रसिद्ध झाला.

वनस्पती मुख्यतः कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर, म्हणजे ह्यूमसवर, पोसते हा टेअर यांचा सिद्धांत मात्र चुकीचा ठरला. विशेष म्हणजे त्याला सुरुंग लावणारे कार्ल श्प्रेंगेल हे त्यांचेच शिष्य. वनस्पतीला खनिज क्षार लागतात, हे त्यांनी १८२० च्या दशकात मांडले. पुढे रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे ते मत सर्वमान्य झाले.

शाळेचा इतिहास सांगताना गावातील गरिबांना विसरता कामा नये. १८०७ च्या फर्मानाने प्रशियात वंशपरंपरागत वेठबिगारी संपवण्याचे ठरले आणि १८२१ च्या कायद्याने सामाईक जमिनींची वाटणी सुरू झाली. टेअर या सुधारणांचे सल्लागार होते. फेरपालटीला स्वतंत्र, सलग शेते लागतात, त्यामुळे वाटणी तिच्या सोयीची होती. पण ज्या झोपडीवाल्याची एकुलती गाय गायरानावर जगत असे, त्याच्या वाट्याला बहुधा मोठ्या इस्टेटीवरची मजुरीच आली.

टेअर यांचे निधन म्योग्लिनमध्येच झाले आणि तेथील चर्चजवळ त्यांचे दफन करण्यात आले. मुलगा आल्ब्रेख्ट फिलिप याने अकादमी पुढे चालवली. विद्यापीठांतून शेतीशास्त्र शिकवले जाऊ लागल्यावर तिची निकड कमी झाली आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. १९४५ च्या शरद ऋतूत सोव्हिएत अंमलाखालील भूसुधारणेत १०० हेक्टरांवरील इस्टेटी विनामोबदला काढून घेऊन वाटण्यात आल्या. पुढे पूर्व जर्मनीत सहकारी शेती आली. आज हे गाव मेर्किश-ओडरलांड जिल्ह्यातील रायखेनो-म्योग्लिन या ग्रामपालिकेत मोडते. टेअर यांच्या कार्याची माहिती देणारे स्मृतिसंग्रहालय तेथे आहे.